गाळ्याच्या भिंतीवरची रेघ

कुर्ला, मुंबई
रविवार, २४ ऑगस्ट २०२५

प्रिय दिगू,

सप्रेम नमस्कार. गुरुवारी तुझा फोन घाईत ठेवला, त्याची चुटपुट लागून राहिलीय. बाजार चालू असताना डीलिंग रूममध्ये दोन वाक्यंही धड बोलता येत नाहीत. आज सुट्टी आहे, पाऊसही उघडलाय, म्हणून सविस्तर लिहायला बसलो.

गाळा विकून आलेले पैसे एफडीतून काढून शेअर्समध्ये घालायला माझा विरोध नाही. पण तू सांगितलेल्या त्या रसायनांच्या कंपनीचा वार्षिक अहवाल मी काल रात्री वाचला. कर्ज कमी आहे, नफा चांगला आहे, सगळं खरं. मात्र मुख्य कारखाना महाडच्या एमआयडीसीत आहे, सावित्री नदीच्या खोऱ्यात. २०२१ च्या जुलैत महाड बुडालं, त्याच आठवड्यात कोल्हापुरात व्हीनस कॉर्नरला तुझा गाळा बुडाला होता.

गाळा विकला तो दिवस आठव. २०१९ च्या पुरानंतर काकांनी भिंतीवर निळ्या ऑइलपेंटने पाण्याची रेघ ओढून तारीख लिहिली होती. दोनच वर्षांनी तिच्याही वर दुसरी रेघ ओढावी लागली. गिऱ्हाईक आलं तेव्हा मी तिथेच होतो. त्याने कागदपत्रं नंतर बघितली, आधी त्या दोन रेघांवर बोट ठेवलं आणि मग भाव सांगितला. तू रात्रभर तळमळलास, पण सकाळी म्हणालास, "त्याचं चुकत नाही. मी असतो तरी तेवढेच दिले असते." विम्याचा हप्ता, गोदामाचा माळा, पावसाळ्यात माल भरायचा की नाही, हा सगळा हिशेब तुझ्या डोक्यात पक्का होता. शेअर घेताना तोच तू कसा विसरलास?

तू एकटा विसरत नाहीस रे. परवा मंगळवारी, १९ तारखेला, इथे मिठी नदीने पुन्हा धोक्याची पातळी ओलांडली. क्रांतिनगरातल्या लोकांना हलवलं, मध्य रेल्वे काही तास बंद पडली, ऑफिसांना घरूनच काम करा असं सांगितलं होतं. आमच्या सोसायटीत जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत पाणी आलं. बायको खालच्या मजल्यावरच्या आजींना वर घेऊन आली, त्यांच्या हातात फक्त गोळ्यांचा डबा आणि देव्हाऱ्यातला बाळकृष्ण. मी त्यांना चहा दिला आणि सवयीने मोबाइल बघितला, तर सेन्सेक्स हिरवा. आदल्या दिवशीही वर बंद झाला होता, मंगळवारीही झाला. जीएसटी कमी होणार या बातमीवर बाजार खूश होता. नॅशनल स्टॉक एक्स्चेंज आणि बाजारावर देखरेख ठेवणारी सेबी, दोन्ही वांद्रे-कुर्ला संकुलात आहेत, आणि ते संकुल याच मिठीच्या काठच्या दलदलीवर भराव घालून उभं राहिलंय.

बाजार चुकला असं मी म्हणत नाही. एका दिवसाच्या पावसाने कंपन्यांच्या नफ्याला काही होत नाही. २००५ च्या २६ जुलैला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला, तरी पुढची दोन वर्षं तेजीच होती. मला काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. हवामानाचा फटका बाजारात पाऊस किंवा ऊन म्हणून येतच नाही. तो कधी सरकारी आदेश म्हणून येतो, कधी विम्याचा वाढलेला हप्ता म्हणून, कधी परदेशातला एखादा कर म्हणून. त्यामुळे त्याला कुणी ओळखत नाही.

मी स्वतः हे पैसे मोजून शिकलोय. २०२३ मध्ये मी एका साखर कंपनीचे शेअर्स घेतले होते. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळायचं सरकारचं धोरण होतं, कारखान्यांना नवा पैसा दिसत होता, मलाही दिसला. त्याच वर्षी एल निनो होता, म्हणजे पॅसिफिक महासागर तापतो आणि आपल्याकडचा पाऊस बहुतेक वेळा कमी होतो. तो ऑगस्ट १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. मराठवाड्यात ऊस वाळत होता, माझा मामेभाऊ फोनवर रोज तेच सांगायचा. मी त्याच्याशी हळहळून बोलायचो आणि फोन ठेवला की शेअरचा भाव बघायचो. त्या दोन गोष्टी एकच आहेत हे डोक्यात आलंच नाही. ७ डिसेंबरला केंद्राचा आदेश निघाला, उसाच्या रसापासून इथेनॉल करायचं नाही, कारण साखर कमी पडेल अशी भीती. साखरेचे शेअर्स धडाधड पडले. आठवड्याभरात आदेश थोडा सैल झाला, पण तोवर मी घाबरून तोट्यात विकून मोकळा झालो होतो. बातमी 'सरकारी धोरणाचा फटका' अशी छापून आली. मुळात फटका पावसाचा होता आणि तो मला चार महिने आधीपासून मामेभाऊ सांगत होता.

हे आपल्याकडेच होतं असं नाही. अनेक देशांतल्या खाद्यपदार्थ कंपन्यांचा अभ्यास झालाय. ज्या देशांत दुष्काळ वाढत चालला होता, तिथल्या कंपन्यांच्या भावात तो आधी दिसतच नव्हता. नफा घटला तेव्हा भाव उतरले. कॅलिफोर्नियातल्या पीजी अँड ई या वीज कंपनीचं तर तू ऐकलं असशील. वीज कंपनी म्हणजे म्हाताऱ्या माणसांनी विश्वासाने घेऊन ठेवायचा शेअर. सुकलेली जंगलं, त्यातून गेलेल्या जुन्या तारा, वणवे, आणि भरपाईच्या दाव्यांखाली २०१९ च्या जानेवारीत कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. पोलादाचं वेगळंच. युरोपात माल पाठवायचा तर तो बनवताना किती कार्बन सोडला याचा हिशेब २०२३ च्या ऑक्टोबरपासून द्यावा लागतोय, आणि २०२६ च्या जानेवारीपासून त्याचे पैसे लागू होणार आहेत. ओतशाळांच्या शिरोली एमआयडीसीत इतकी वर्षं काढलेल्या तुला हे जास्त कळेल.

पण म्हणून कोळसा, तेल, सिमेंट सगळं विकून सौरऊर्जेचे शेअर्स घे, असं मी मुळीच सांगणार नाही. युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर कोळशाचे भाव भडकले आणि तत्त्व म्हणून कोळसा विकलेल्यांना ती तेजी बाहेर उभं राहून बघावी लागली. तुझी दुसरी निवड एसीची कंपनी. ऊन वाढणार म्हणजे एसी खपणार, हा तुझा तर्क गेल्या वर्षी बरोबर ठरला. यंदा मे महिनाभर अवकाळी पाऊस, २६ मेला मुंबईत मान्सून हजर, आणि जूनच्या तिमाहीत एसीची विक्री घसरली. ऊन वाढतंय हे खरं, पण ते आपल्या तिमाहीच्या हिशेबाने येत नाही. घ्यायचा तर थोडा घे आणि पाच-सात वर्षं ठेवायच्या तयारीने घे.

महाडच्या कंपनीचं मात्र थांब. मोठ्या १००० नोंदणीकृत कंपन्यांना सेबीने आता जबाबदारीचा वेगळा अहवाल सक्तीचा केलाय, बीआरएसआर म्हणतात त्याला. वार्षिक अहवालातच असतो. पाणी नदीचं किती, जमिनीतलं किती, टँकरचं किती, वीज किती, धूर किती, सगळं लिहावं लागतं. या कंपनीने पाण्याचे आकडे दिलेत, पण २०२१ नंतर कारखान्याची जोती उंच केली का, विम्याचा हप्ता किती वाढला, दुसरीकडे पर्यायी उत्पादन आहे का, याबद्दल मला अहवालात एक ओळही सापडली नाही. तू भागधारक झालास तर वार्षिक सभेत हे विचारू शकतोस. पण मी म्हणतो, घेण्याआधीच विचार. गुंतवणूकदारांच्या शंकांसाठीचा ई-मेल अहवालाच्या शेवटच्या पानावर आहे. प्रश्न तूच लिही. पुराचं पाणी उतरल्यावर मोटारी किती दिवसांनी चालू होतात, कच्च्या मालाचं काय होतं, हे तुला ठाऊक आहे, आमच्या ऑफिसातल्या एकाही विश्लेषकाला नाही.

उत्तर नीट आलं तर मी स्वतः तुझी ऑर्डर टाकेन, भाव चार रुपयांनी वर गेला असला तरी.

मंगळवारी रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसने निघतोय, बुधवारी गणपती आणायला तुझ्याबरोबर कुंभार गल्लीत असेन. अहवालाची प्रत सोबत आणतो, आरतीनंतर बसू. काकूंच्या गुडघ्याला आता कसं आहे? आणि राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी आज किती फुटांवर आहे ते रात्री कळव.

तुझा,
विनू