पट्टा की साखळी: उभयचर गाडीविषयी मित्रास पत्र

किचनर, ऑन्टारिओ
दिनांक 12 जानेवारी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि सोबतचा आराखडा मिळाला. 2019 आणि 2021 च्या महापुरात कोल्हापूरलगतच्या शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला तेव्हा तू उद्यमनगरातल्या तुझ्या कारखान्यात हात बांधून बसला होतास, ही सल तू फोनवर अनेकदा बोलून दाखवली आहेस. आता तू आठ चाकांची उभयचर गाडी स्वतः बांधायला घेतली आहेस, याचा मला फार आनंद झाला. मात्र आराखड्यात इंजिनापासून शेवटच्या ॲक्सलपर्यंत सगळीकडे तू दातेरी पट्टा दाखवला आहेस. त्याविषयी मला मनापासून काही सांगायचे आहे.

पट्टा की साखळी, असा एकच प्रश्न तू विचारला आहेस. माझ्या मते येथे दोन वेगळ्या जागा आहेत आणि प्रत्येक जागेचे उत्तर वेगळे आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये पट्टा हवा, पण तो दातेरी नको; पुल्यांचा व्यास इंजिनाच्या वेगानुसार आणि भारानुसार आपोआप बदलणाऱ्या सीव्हीटीचा रबरी व्ही-पट्टा हवा. गिअरबॉक्सपासून चाकांपर्यंत मात्र साखळीच हवी. माझ्या घराजवळच्या न्यू हॅम्बर्ग गावातील कारखान्याने 1967 साली पहिली आर्गो ही उभयचर गाडी काढली. त्या जातीच्या गाड्यांत हीच विभागणी रूढ आहे आणि ती केवळ सवयीने टिकलेली नाही.

याचे कारण वळण्यात आहे. तुझ्या गाडीला सुकाणूची चाके नाहीत. एका बाजूची चाके रोखून दुसऱ्या बाजूची फिरवायची, म्हणजे वळताना सगळे टायर जमिनीवर आडवे फरफटतात. चिखलात हे सहज होते, पण कोरड्या डांबरी रस्त्यावर गाडीच्या अंगावर सर्वांत मोठा भार याच वेळी येतो, आणि पुराच्या वेळी तुझी गाडी डांबरी रस्त्यावरूनच पाण्यात उतरणार आहे. माणसांसह वजन 900 किलो धरले, तर एका बाजूवर सुमारे 4,400 न्यूटन भार येतो. घर्षणांक 0.8 आणि टायरची त्रिज्या 30 सेंटिमीटर घेतली, तर त्या बाजूच्या चाकांना जास्तीत जास्त 1,050 न्यूटन-मीटर पीळ (टॉर्क) लागू शकतो. तू 20 दातांचे स्प्रॉकेट, म्हणजे साखळीचे दातेरी चक्र, धरले आहेस. ते 21 दातांचे कर, म्हणजे साखळीच्या सम कड्या आणि विषम दात यांची जोडी सतत बदलत राहून झीज सगळीकडे सारखी वाटली जाईल. पाऊण इंची साखळीसाठी या स्प्रॉकेटची त्रिज्या सुमारे 6.4 सेंटिमीटर येते, म्हणजे ओढ झाली जवळपास 16,400 न्यूटन. या मापाच्या एकेरी साखळीची तुटण्याची किमान मर्यादा सुमारे 31,000 न्यूटन असते. सगळी ओढ पहिल्याच साखळीवर पडली, तर धक्का सोसायला पुरेशी जागा उरत नाही. म्हणून गिअरबॉक्स दुसऱ्या आणि तिसऱ्या ॲक्सलच्या मध्ये ठेव आणि एक साखळी पुढे, एक मागे अशी ओढ विभाग. तू तो पुढच्या टोकाला दाखवला आहेस, तो बदल कृपा करून कर.

हीच ओढ दातेरी पट्ट्याने न्यायची झाली, तर जवळजवळ तळहाताएवढा रुंद पट्टा, तेवढ्याच रुंद पुल्या आणि ताण देण्याची नेमकी व्यवस्था लागेल. गाडीच्या तळाशी तेवढी जागा नाही. शिवाय पट्टा अखंड असतो. तो बदलायचा तर ॲक्सल आणि बेअरिंग बाहेर काढावे लागते, आणि दातांत एखादा खडा अडकला तर आतल्या दोऱ्या कायमच्या दुखावतात.

दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरमध्ये माझ्या जुन्या गाडीने मला हे एकाच प्रवासात शिकवले. उत्तरेकडच्या एका दलदलीत डाव्या बाजूची मागची साखळी तुटली. पुढची दोन चाके फिरत होती, त्यामुळे गाडी डावीकडे ओढत का होईना, कोरड्या जागेपर्यंत आली. तिथे मी जवळ असलेली लॉक लिंक, म्हणजे साखळी जोडायची सुटी कडी, लावली आणि चाळीस मिनिटांत पुढे निघालो. दुसऱ्या दिवशी तळ्याच्या मध्यावर सीव्हीटीच्या पेटीत पाणी शिरले. इंजिन ओरडत राहिले आणि चाके थांबली. गाडी वाऱ्याबरोबर वाहू लागली तेव्हा मी खरोखर घाबरलो होतो. पेटीच्या तळाचे बूच काढून, गिअर न्यूट्रलला ठेवून इंजिन फिरवत राहिलो, तेव्हा पट्टा सुकून पुन्हा पकडू लागला. म्हणून पेटीला हवा घेणारी नळी आसनांच्याही वर घे. हा पट्टा अचानक धक्का बसला की घसरतो आणि साखळीला वाचवतो, यासाठीच तो मला हवा आहे. पण फार वेळ घसरला तर जळतो, म्हणून गिअरबॉक्समध्ये कमी वेगाचा गिअर अवश्य ठेव.

साखळीचा आवाज होईल आणि अडकलेल्या माणसांची हाक ऐकू येणार नाही, ही तुझी शंका मला मोलाची वाटली. पण हाक बुडते ती इंजिनाच्या आवाजात. ठरावीक अंतरावर इंजिन बंद करून ऐकणे हाच त्यावरचा उपाय आहे.

तुझ्याकडे साखळीचा खरा शत्रू पुराचा गाळ ठरेल. दोन्ही बाजूंच्या साखळ्यांना पत्र्याची बंद पेटी कर आणि त्यात थोडे गिअर ऑइल ठेव. आत पाणी शिरले तर ते तेलाखाली बसते, म्हणून तळाचे बूच सैल केले की आधी पाणीच निघते. तेल दुधाळ दिसले तर ते सगळे बदल. कड्या मोजण्याची सवयही लाव: नव्या साखळीच्या 16 कड्या 304.8 मिलिमीटर भरतात. दोन ॲक्सलमधले अंतर बदलता येत नसल्यामुळे हे माप 309 च्या पुढे गेले की साखळी काढून टाक.

आणखी एक गोष्ट काळजीपोटी लिहितो. टायरच्या नक्षीने पाणी कापत जाणारी अशी गाडी ताशी 4 ते 5 किलोमीटरच जाते. गल्ल्यांतल्या आणि शेतांतल्या साचलेल्या पाण्यात ती उपयोगी पडेल, पण पंचगंगेच्या मुख्य धारेत ती कोणालाही नेऊ देऊ नकोस.

स्प्रॉकेट कापायला देण्यापूर्वी चारही ॲक्सलमधली अंतरे, गिअरबॉक्सच्या बाहेरच्या शाफ्टचा व्यास आणि टायरची भरलेली उंची मला कळव. कड्यांची संख्या मी येथे मोजून पाठवतो, म्हणजे जूनच्या आधी गाडी रंकाळ्याच्या काठावर नको, पण एखाद्या खाणीच्या तळ्यात तरी उतरवून पाहता येईल. काकूंना साष्टांग नमस्कार आणि वहिनींना नमस्कार सांग.

तुझाच,
किचनरचा मित्र