खाडीपक्षी गट : फोटो टाकण्याआधी वाचा

सर्व सदस्यांना,

जाणकार मंडळी भांडून गट सोडत नाहीत, गुपचूप म्यूट करतात. सुप्रभात, फॉरवर्ड आणि नुसतं ‘हा कोणता पक्षी?’ यांना कंटाळून.

म्हणून फोटोसोबत तारीख, वेळ, भरती की ओहोटी आणि जागा लिहा. ‘ठाणे खाडी’ पुरत नाही. ती वाशीच्याही पुढे जाते. ऐरोली जेट्टी, वाशी पूल असं नेमकं हवं. फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅप तो दाबतं आणि चोचीचा रंग कळत नाही. रोहितमध्ये (फ्लेमिंगो) तर सगळी मेख तिथंच, कारण त्याच्या दोन जाती: मोठ्या रोहितची चोच गुलाबी, फक्त टोक काळं, छोट्या रोहितची गडद लाल, लांबून काळीच वाटते. करड्या पिल्लांत जुनेजाणतेही चुकतात, तेव्हा नवख्याची टिंगल नको.

घरट्याचं लोकेशन टाकलं तर पोस्ट लगेच काढली जाईल.

ओळख पटली की नोंद ज्याची त्याने ईबर्डवर (पक्षीनोंदींची वेबसाइट) चढवावी. चॅटमधलं महिन्याभराने कुणाला सापडतंय!

आणखी दोन अ‍ॅडमिन हवेत. एकुलता अ‍ॅडमिन बाहेर पडला तर व्हॉट्सअ‍ॅप परस्पर कुणालाही अ‍ॅडमिन करतं. इच्छुकांनी रविवारपर्यंत कळवावं.

– अ‍ॅडमिन