विवेकबुद्धी घडवायला दीड तास

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला विवेकबुद्धीवरचा लेख दोनदा वाचला. पहिल्यांदा कौतुकाने. एकोणिसाव्या शतकातले इंग्लंडचे कॅथलिक धर्मगुरू कार्डिनल न्यूमन यांनी पोपच्या आधी विवेकबुद्धीच्या नावाने प्याला उचलला, तेव्हा कॅथलिकांनी आता मनाला पटेल ते करावं, हा लेखकमहाशयांचा निष्कर्ष झकासच. फक्त तो प्याला ज्या १८७५च्या पत्रात आहे, त्याच पत्रात 'माझी मर्जी' हिलाच विवेकबुद्धी म्हणणाऱ्यांचा न्यूमननी खरपूस समाचार घेतलाय. ती पानं बहुधा चिकटलेली असावीत.

मला राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. १९८८ साली माझं तिसरं सीझर ठरलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मूल बंद होण्याचं ऑपरेशनही त्याच वेळी उरकून घ्या, चौथं झेपणार नाही. आठव्या महिन्याचं पोट घेऊन मी फादरांकडे गेले. "तुमच्या विवेकबुद्धीला विचारा," म्हणाले आणि सायकलचं कुलूप काढू लागले. काय विचारू तिला? माझं धर्मशिक्षण दृढीकरणापाशी, म्हणजे शाळकरी वयातल्या संस्कारापाशी, थांबलेलं. पोप सहावे पॉल यांचं संततिनियमनावरचं १९६८चं परिपत्रक 'ह्युमाने व्हिते' नावानेही ठाऊक नव्हतं. फॉर्मवर सही केली आणि पुढे अकरा वर्षं कम्युनियन, म्हणजे मिस्सेत मिळणारी पवित्र भाकर, घेतलं नाही. रांग लागली की धाकट्याला लघवीला न्यायची. तो मोठा झाला, तेही निमित्त गेलं.

मग आलेल्या दुसऱ्या फादरांनी आमच्या ओट्यावर बसून 'ह्युमाने व्हिते'तला चौदावा परिच्छेद मराठी करून समजावला. अशा ऑपरेशनला चर्चची मनाई आहे, हे त्यांनी जराही गुळमुळीत केलं नाही. मग विचारलं, तेव्हा तुम्हाला काय ठाऊक होतं, घरचे काय म्हणत होते, भीती कसली वाटत होती? दीड तास. दोनदा चहा झाला. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मध्ये लिहिलं की, आपलं काम विवेकबुद्धी घडवण्याचं आहे, तिची जागा घेण्याचं नाही. आपल्या लेखात 'जागा घेण्याचं नाही' ठळक अक्षरांत, आणि 'घडवण्याचं' गायब!

जाता जाता, लेखासोबतचा फोटो कुलाब्याच्या अफगाण चर्चचा आहे. ते चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं, पोपच्या अखत्यारीत येत नाही. गेल्या नाताळातही आपण हाच छापला होता.

— एक वाचक, वसई