कोण आहे? मी!

इंदूर, डिसेंबर

प्रिय बंड्या,

तुझा मेसेज वाचला, "बीपीची गोळी चालू आणि रात्री एकटा बसून ते घरात घुसणारे पिक्चर कसले बघतोस". फोनवर सांगणार होतो पण तू मधेच मॅचचा स्कोअर विचारतोस, म्हणून लिहूनच काढतो.

आधी परवाचं ऐक. ही गेली देवासला माहेरी, मी एकटा, लाइट बंद करून 'द स्ट्रेंजर्स' लावला, 2008 चा, लिव्ह टायलरचा. त्यात ती घरात एकटी उभी असते आणि मागे अंधारातून तोंडावर गोणपाटासारखा मुखवटा घातलेला माणूस सावकाश येऊन उभा राहतो. नुसता उभा. तिला पत्ताच नाही, आपल्याला दिसतंय. नेमका तो सीन चालू आणि माझ्याच दाराच्या लॅचमध्ये किल्ली फिरायला लागली. शपथ! खर्र... थांबली... परत खर्र. पावणेदोन वाजलेले, हातात काय तर रिमोट. पाय असे गार पडले ना. दारापाशी जाऊन विचारलं, "कोण आहे?" बाहेरून आवाज, "मी!"

आणि बंड्या, मी दार उघडलं.

वरच्या मजल्यावरचे काका. सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीतून गराडू, म्हणजे तो तळलेला कंद, घेऊन आले होते, लिफ्ट बंद म्हणून जिना चढले आणि एक मजला आधीच थांबले. उलट मलाच म्हणाले, "तू माझ्या घरात काय करतोयस?"

हसून घे. पण नंतर मला झोप लागेना, काकांमुळे नाही, मी उघडलं म्हणून. आवाज नीट ओळखलासुद्धा नव्हता. "मी" म्हटलं की झालं, पुढे "मी म्हणजे कोण" विचारायचं तर आपल्यालाच कसंतरी होतं, समोरच्याला काय वाटेल. हे पिक्चर बरोब्बर त्या भिडेवर बोट ठेवतात, मला त्यांची चटक लागली ती त्यासाठीच. चाकूबिकू नंतर येतो आणि खरं सांगू, तो आला की माझा इंटरेस्ट निम्मा होतो. मजा त्याच्या आधीची पाच-दहा मिनिटं, जेव्हा दार लावून घेता आलं असतं आणि तो माणूस लावत नाही.

'फनी गेम्स' बघ, हानेकेचा, 1997 चा. (त्यानेच तो दहा वर्षांनी इंग्रजीत जवळजवळ शॉट टू शॉट परत काढला, कुठलाही बघ.) पांढरे हातमोजे घातलेला एक गोरागोमटा पोरगा येतो, शेजाऱ्यांकडे अंडी संपलीत, चार मिळतील का. आपल्याकडे वाटीभर साखर मागतात तसं. बाई देते. त्याच्या हातून फुटतात. सॉरी म्हणतो, परत मागतो, मधे तिचा फोन सिंकच्या पाण्यात पाडतो, चुकून बरं का! ती आतून चिडलीये पण घालवून कसं द्यायचं, पोरगा इतका नम्र. एवढ्यातच घर हातचं गेलेलं असतं, अजून कोणी कोणाला हात लावलेला नाही. पुढचं मात्र जेवणानंतर बघू नकोस, फार वाईट आहे, मी स्वतः दोनदा बंद केला होता.

आणि आपला 'कौन' आठव ना, रामगोपाल वर्माचा, 1999. हॉस्टेलवर सीडी आणून बघितला होता. पात्रं इनमीन तीन, गाणं एक नाही, बाहेर धो धो पाऊस, ऊर्मिला घरात एकटी आणि तो मनोज बाजपेयी मल्होत्रासाहेब आहेत का, मल्होत्रासाहेब आहेत का म्हणत बेल वाजवतच राहतो. तू तेव्हा ओरडला होतास, "अगं घे ना त्याला आत, भिजतोय बिचारा!" सगळी खोली हसली होती. तर तूही माझ्यातलाच.

दुसरी गंमत घराची. 'वेट अन्टिल डार्क'मध्ये, 1967 चा, ऑड्री हेपबर्न आंधळी असते, ती घरातले दिवेच फोडून टाकते की आता तुम्हीही आंधळे. हुशार की नाही? पण फ्रीज उघडला की आतला दिवा लागतो हे विसरते. तो बघून मी रात्री उठून अख्ख्या घरात अंधारात फिरून आलो, आपल्या घरातलं काय काय आपल्यावर उलटेल बघायला. बाल्कनीच्या जाळीची कडी बाहेरून बोट घालून निघते, सहा वर्षांत लक्षात आलं नव्हतं.

रामबागेतल्या आमच्या वाड्याला रात्रीपुरता अडसर लागायचा, दिवसा कोणीही सरळ चुलीपर्यंत यायचं, तिथे बसून हे पिक्चर कोणाला कळलेच नसते. आजी "कोण आलंय?" विचारायचीच नाही, "जेवलास का?" विचारायची. आता तीन कुलपं आणि पीपहोल. त्यातून परवा बघायचं मला सुचलंही नाही, बोल.

जानेवारीत येतोयस ना? नाव सांग दाराशी.

तुझा,
नंदू

ता.क. काका बसले, पाणी प्यायले, अर्धा तास पिक्चर बघितला आणि "हे शेजाऱ्यांना हाक का मारत नाहीत?" विचारून वर गेले. गराडूची पुडी माझ्या टेबलावरच राहिली. सकाळी तव्यावर गरम केली, वरून जिरावन मसाला. अजून मागायला आले नाहीत.