मंद्या, पहिली पिकअप कुठली घ्यायची त्याबद्दल

इंदूर, रविवार

प्रिय मंद्या,

तुझे तिन्ही फोटो मिळाले, शेवरलेट, जोंगा आणि टाटा मोबाइलचे. जुनी पिकअप घेऊन स्वतःच्या हाताने उभी करायची म्हणतोयस हे वाचून इतका आनंद झाला की लगेच फोन करणार होतो, पण फोनवर आपण दोघंही सुटतो आणि कामाचं राहून जातं, म्हणून बसून सविस्तर लिहितोय.

आधी ती शेवरलेट, कारण तुझा जीव तिच्यावर आलाय हे कळतंय. गाडी देखणी आहे, वादच नाही. जनरल मोटर्स १९२८ पासून १९५४ पर्यंत मुंबईत शिवडीला गाड्या जोडायची, त्यामुळे असे ट्रक आपल्याकडे अजून कुठे कुठे शेतात, वाड्यात पडलेले दिसतात. आणि तू जे बाहेरचे व्हिडिओ बघतोयस त्यात नवशिक्याला हीच घे असं सांगतात ते तिथल्यापुरतं अगदी बरोबर आहे. अमेरिकेत तिच्या ग्रिलपासून दाराच्या रबरापर्यंत सगळं नवं बनवून विकतात, ऑर्डर दिली की घरी येतं. इथे तीच वस्तू मागवायची म्हणजे भाडं, कस्टम आणि वाट बघणं. तिकडचे लोक शेवरलेट का सुचवतात, तर त्यांच्या गावात तिचा माल मिळतो म्हणून, मग तोच हिशोब आपल्याकडे लावला तर उत्तर टाटा नाहीतर महिंद्रा येतं, शेवरलेट येत नाही.

शिवाय तुझ्या फोटोतल्या गाडीला ग्रिल नाही, एका बाजूचा हेडलाइट नाही, डॅशबोर्डमधे मीटरच्या जागी भोकं आहेत, दारांच्या काचा नाहीत. हे मला मोडक्या इंजिनापेक्षा जास्त घाबरवतं. मोडलेली वस्तू आपल्याकडे डेंटर, टर्नर, वेल्डर कोणी ना कोणी नीट करून देतो कारण नमुना त्याच्या समोर असतो, पण जी वस्तूच नाही तिचं काय, ती कशी दिसायची हेच कोणाला माहीत नसतं. आणि इंजिन जर त्या काळातलं २१६ क्युबिक इंचाचं असेल तर त्याच्या कनेक्टिंग रॉडला आतासारखी बदलायची शेल बेअरिंग नाहीत, बॅबिट म्हणजे पांढरा धातू वितळवून ओततात आणि मग बोअर करून मापात आणतात. हे काम येणारा माणूस आधी शोधावा लागेल. ही गाडी तू कधीतरी कर, पण पहिली म्हणून नको रे.

जोंगाबद्दल थोडक्यात सांगतो. जबलपूरला आर्मीसाठी बनायची, जीपसारखी, मुळात निसानचं 'पॅट्रोल' नावाचं मॉडेल, १९९९ पर्यंत चालू होती, आमच्या एमपीची म्हणून माझाही तिच्यावर जीव आहे. पण ३९५६ सीसीचं सहा सिलिंडर पेट्रोल इंजिन, म्हणजे नुसतं ट्यूनिंग करून चक्कर मारून बघायचं तरी टाकी रिकामी होते. आणि फोटोत ती मागून कापून हौदा बसवलेली दिसतेय. आरसीवर बॉडी कुठली लिहिलीय ते बघितल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नको.

आता टाटा मोबाइल पिकअप. तू तिचा फोटो शेवटी टाकलास आणि खाली लिहिलंस "ही पण आहे एक", पण मी तीच बघायला काल देवास नाक्याला गेलो होतो. १९८८ ला टेल्कोने, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सने, ही काढली, आणि पुढे ९१ ची सिएरा, ९२ ची इस्टेट आणि ९४ ची सुमो याच खानदानातून आल्या. १९४८ सीसीचं डिझेल इंजिन, तेच सुरुवातीच्या सुमोतही होतं, त्यामुळे सुमोवर हात बसलेला कुठलाही मिस्त्री हिला घाबरत नाही आणि तुमच्या नाशकात असे मिस्त्री गल्लोगल्ली आहेत. गाडी सांवेरकडच्या एका शेतकऱ्याची आहे, बटाटा आणि सोयाबीन मंडीत न्यायचा. रंग गेलाय, बॉनेट चेपलंय, मागचा फाळका तारेने बांधलाय, पण मंद्या, सगळं जागेवर आहे! ग्रिल, दोन्ही लाइट, मीटर, हँडल, काच वर-खाली करायच्या मशीनसकट सगळं. पुढची काच अख्खी आहे हे तर फार मोठं, कारण ती काच वळणदार असते, फुटली तर तशीच शोधत फिरावं लागतं. जुन्या महिंद्रा जीपची काच सपाट, कुठलाही काचवाला लॅमिनेटेड शीटमधून कापून देतो.

इंजिन रात्रभर थंड होतं, मालकाला आधीच सांगून ठेवलं होतं की मी यायच्या आधी चालू करू नका. थंड डिझेल इंजिन तापवायचा हीटर धरला, मग दुसऱ्या सेल्फला चालू झालं. आधी थोडा पांढरा धूर आला, गरम झाल्यावर थांबला. निळा आला असता तर ऑइल जळतंय, आणि पांढरा थांबलाच नसता तर हेड गॅस्केटचा संशय. मग चालू इंजिनवर ऑइलचं झाकण काढून हात धरला, थोडी वाफ आहे पण फुसफुस मारत नाहीये. म्हणजे रिंग-लायनरचं काम आज ना उद्या निघेल, लगेच नाही. आणि निघालं तरी घाबरायचं नाही. बाजूचा मिस्त्री म्हणालाच, "भिया, इंजन तो बन जाएगा, आप बॉडी देख लो."

बॉडीवर मी बराच वेळ घालवला. कपडा गुंडाळलेलं लोहचुंबक दारांच्या खालच्या कडेवरून, चाकांच्या कमानींवरून फिरवलं, डाव्या दाराला चिकटलंच नाही, म्हणजे तिथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे. दार आहे, चालेल. केबिनमधला मॅट उचलून पेडलखालची फ्लोअर स्क्रूड्रायव्हरने दाबून बघितली, ड्रायव्हरच्या बाजूला टोक आरपार गेलं, तळहाताएवढा तुकडा कापून नवा पत्रा लावावा लागेल, शिकायला उत्तम जागा आहे ती कारण वर मॅट येतो. मग आडवा पडून चासी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, बघितली. इकडच्या शेतावरच्या गाड्यांची एक गोष्ट तुला नाशकात कोणी सांगणार नाही. माळव्याची काळी माती चासीच्या कोपऱ्यात, पाट्यांच्या (स्प्रिंगच्या) ब्रॅकेटवर जाऊन बसते आणि पावसाळ्याचं पाणी धरून ठेवते, बाहेरून ते मातीचं ढेकूळ वाटतं आणि आत लोखंड पापडासारखं सुटत असतं. मी खरवडून काढली. उजव्या बाजूला पापुद्रे निघाले पण खाली हातोडीचा आवाज खणखणीत आला. डावीकडे मागचा पाटा चासीला जिथे अडकवतात त्या हँगरजवळ जुनं वेल्डिंग आहे, ते मला अजून पुरतं कळलेलं नाही, तिथे चाक काढून बघायचंय. स्टीअरिंग बॉक्स जिथे चासीला बोल्ट केलाय तिथे चीर नाही, ती जागा कुठल्याही गाडीत आधी बघत जा.

कागद. गाडी पिवळ्या पाटीची, म्हणजे ट्रान्सपोर्ट. तिला आरटीओचं फिटनेस सर्टिफिकेट लागतं, आठ वर्षांनंतर दरवर्षी, आणि थकलेला टॅक्स, चलन हे सगळं गाडीबरोबर नव्या मालकाच्या गळ्यात येतं. आरसीवर अजून फायनान्सची नोंद आहे, मालक म्हणतो कर्ज कधीच फिटलंय, फिटलं असेलही पण बँकेची एनओसी आणि कर्जाची नोंद काढायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पुढे जायचं नाही. मग नाशिकसाठी इथल्या आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८, तिकडे परत टॅक्स, वर महाराष्ट्राचा पर्यावरण कर. खाजगी पाटी करून घ्यायची असेल तर ते होतं का आणि कसं हे तुझ्या आरटीओत जाऊन आधी विचार, एजंटच्या सांगण्यावर जाऊ नको. तू व्हिंटेज नंबरचं लिहिलं होतंस, २०२१ च्या नियमातलं, २०,००० रुपये भरून दहा वर्षांचं रजिस्ट्रेशन. ते ५० वर्षांवरच्या आणि खाजगी वापराच्या गाड्यांसाठी आहे, मालवाहू पिकअप घेताना त्याच्या भरवशावर राहू नको.

हँगरचं वेल्डिंग वाईट निघालं तर ही सोडून द्यायची आणि महिंद्राची जुनी डीआय पिकअप बघायची. २५२३ सीसीचं ते इंजिन बोलेरो पिकअपमधेही वर्षानुवर्षं आलं, पार्ट तर तालुक्याच्या गावीसुद्धा मिळतात. दिसायला तुला ती साधी वाटेल, पण जी गाडी सहा महिन्यांत रस्त्यावर येते तिच्यावर माणूस पुढेही काम करत राहतो, आणि जी पार्टसाठी अडून अंगणात उभी राहते तिच्यावर आधी ताडपत्री येते आणि मग भंगारवाला येतो. मी इथे चांगल्या चांगल्या लोकांच्या अंगणात हे बघितलंय आणि तुझं तसं व्हावं असं मला अजिबात वाटत नाही.

आणि घेतलीस तर पहिल्या दिवशी सगळी खोलून बसू नको. आधी ब्रेक, व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडर, होजपाइप सगळं नवं. मग स्टीअरिंगचे जोड, टायर, रेडिएटर. गाडी चालती ठेवून एकेक कोपरा घ्यायचा, खोलायच्या आधी फोटो, बोल्ट पिशवीत आणि पिशवीवर चिठ्ठी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जायचं नाही, स्टँड लावल्याशिवाय नाहीच, हे मी वहिनीलाही सांगणार आहे. रंग सगळ्यात शेवटी.

शनिवारी मिस्त्रीला घेऊन परत जातोय, चाक काढून हँगर बघतो, चासी नंबरची पेन्सिल छाप घेतो आणि आरसीशी जुळवून तुला पाठवतो. तोवर तू आरटीओचं विचारून ठेव आणि मालकाशी भावाचं काही बोलू नको, ते इथे समोर बसून करू. काकांना नमस्कार.

तुझा,
अव्या