बुरुजाआधी नौवाट मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या दीपगृहांच्या जतनाची चर्चा बहुधा चुना, चिरे आणि उंचीपाशीच थांबते. म्हणून अमेरिकेतील नॅन्टकेट बेटावरच्या ब्रँट पॉइंटचा इतिहास मांडावासा वाटतो.

१७४६ मध्ये तिथल्या गावसभेने २०० पौंड मंजूर करून बंदराच्या तोंडाशी लाकडी दीपगृह बांधले. देवमाशांच्या शिकारीवर जगणारे गाव, तेल घरचेच. पण लाकडी खोलीत उघडी ज्योत, ते दहा-बारा वर्षांतच जळाले. दुसरे ९ मार्च १७७४ रोजी सकाळी आठच्या सुमारास, जेमतेम मिनिटभर टिकलेल्या सोसाट्याने पाडले. तिसरे १७८३ मध्ये जळाले. मग दोन उभ्या खांबांमध्ये काचा बसवलेला लाकडी कंदील टांगला. तो इतका मिणमिणता, की खलाशीच कुरकुरले. बंद काचपेटीत हवा खेळली नाही की वात धुरकटते आणि काचेवर काजळी धरते. १७८६ मध्ये बांधलेले पुढचे दीपगृह १७८८ च्या वादळात गेले. गाव तरीही बांधत राहिले. १७९५ मध्ये जागा संघराज्य सरकारकडे गेली.

१८५६ मध्ये सरकारने विटांचा भक्कम बुरूज उभारला. तो आजही उभा आहे, पण माथ्यावर दिवा नाही. रेती सरकली, नौवाट (म्हणजे जहाजांच्या ये-जा करण्याची खोल पाण्याची वाट) बदलली आणि धडधाकट बुरूज निरुपयोगी झाला. म्हणून १९०१ मध्ये सुमारे ६०० फूट पूर्वेला, अगदी पाण्याशी, पुन्हा लाकडी बुरूज बांधला. दिवा पाण्याच्या पातळीपासून अवघ्या २६ फूट उंचीवर! पण बंदराला तेवढा पुरतो. मीटरमधील उंचीच्या वर्गमुळाला २.०८ ने गुणले की क्षितिज किती सागरी मैलांवर ते कळते. दिवा आठ मीटरवर आणि नाखव्याचा डोळा तीन मीटरवर असेल, तर ५.९ अधिक ३.६, म्हणजे साडेनऊ सागरी मैलांवरून दिवा दिसू शकतो. शिवाय दिवा लाल आणि दर चार सेकंदांनी झाकणारा, त्यामुळे गावातल्या पांढऱ्या दिव्यांत हरवत नाही.

कोकणातही खाडीच्या तोंडाशी रेतीचे दांडे पावसाळ्यागणिक जागा बदलतात. एखाद्या गावाला वर्गणी काढून दिवा पुन्हा उभारायचा असेल, तर गवंड्याआधी तांडेलाला, म्हणजे होडीच्या म्होरक्याला, बोलवावे. पावसाळा सरल्यावर, पुऱ्या ओहोटीला, शिशाचे वजन बांधलेली दोरी टाकत नौवाट मोजून घ्यावी. दीपगृह खात्याची परवानगी घेतल्याशिवाय दिवा पेटवू नये. नकाशावर नसलेला दिवा बाहेरच्या जहाजाला चकवतो. पाया आखायचा तो त्यानंतर.

— एक वाचक, रत्नागिरी