इंजेक्शन घेतलंस का?

चि. सुहास यास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू न जेवता गाडीत बसलास. आईने भरलेला डबा ओट्यावरच राहिला. मी काकांसमोर बोललो, ते चुकलंच. आता दारूचा विषय काढायचा नाही असं ठरवूनच पत्राला बसलोय.

पण रंग ओळखायच्या तपासणीचं ते ठिपक्यांचं पुस्तक डोळ्यांसमोरून हलत नाही. डॉक्टरांनी पान उलटलं, तुझ्या मागे उभ्या असलेल्या मला 74 हा आकडा स्वच्छ दिसत होता. तू म्हणालास, "इथे काहीच नाही." तीस वर्षं एसटी चालवली, दर तपासणीला ते पुस्तक वाचलं, आणि माझ्याच पोराला लाल-हिरवं कळेना! मग मे महिन्यातलं आठवलं. आईने पिकलेल्या मिरच्या वेगळ्या काढायला सांगितल्या, तू सगळ्या एकाच सुपात टाकल्यास. तिला वाटलं, कंटाळा केलास.

डॉक्टरांचं तू रागात ऐकलं नसशील, म्हणून लिहितो. बिघाड बुबुळात नाही, डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेत आहे. रोजची दारू, वर सिगारेट, पोटात धड अन्न नाही. मग बी-12, बी-1, फॉलिक अ‍ॅसिड कमी पडतं. मधली नजर ज्या बारीक तंतूंवर चालते, तेच आधी जातात. म्हणून तुला कडेचं दिसतं आणि समोरच्याचं तोंड धूसर. दुखत नाही, दोन्ही डोळ्यांचं सारखंच हळूहळू जातं, त्यामुळे लक्षात येत नाही. चष्मा बदलून उपयोग नाही. वेळेत सोडलीस तर बरीच नजर परत येते. नस एकदा वाळली की नाही. इंजेक्शन घेतलंस का?

झालो बघ सुरू. माफ कर. आबांचं काय झालं ते तुला माहीतच आहे, म्हणून जीव राहत नाही.

सहा वर्षांचा होतास. कुंभार्ली घाटात माझ्या शेजारी बॉनेटवर बसून समोरून येणाऱ्या गाडीची पाटी माझ्याआधी वाचायचास. "बाबा, चिपळूण!" कंडक्टर म्हणायचे, याची नजर घारीची. डेपोत सगळ्यांना मी ते सांगत फिरायचो.

एक मात्र ऐक. आपल्या मनाने एकदम बंद करू नकोस, अंग थरथरतं, फिटसुद्धा येते. डॉक्टरांना सांगून सोड. एकाचे दोन दिसायला लागले, तोल जायला लागला, तर रात्र असली तरी दवाखाना गाठ. तोवर मोटरसायकल काढू नकोस.

इंजेक्शन घेतलंस की फोन कर. माझ्याशी बोलायचं नसेल तर आईशी बोल, मी बाजूला बसून ऐकेन.

तुझा,
बाबा